भोईर सरांची दोन टोकं

भोईर सर कधी एकच आकडा सांगत नसत. एसटी किती वेळात येईल, तर "वीस मिनिटं ते पाऊण तास." आईने एकदा जेवायला बोलावून भाकऱ्या किती विचारल्या, तर "तीन ते पाच." आई मला म्हणाली, "एवढं शिकलेत, आन् भूक माहीत न्हाय?"

सर भिवंडीजवळच्या कोन गावचे. भिवंडीत एका संस्थेचं क्षयरोगाच्या गोळ्या देणारं संध्याकाळचं केंद्र होतं, तिथे ते आकडेवारी बघत. मी त्यांच्या हाताखाली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मीच, आणि ते मी मिरवते.

संस्थेला ठरवायचं होतं, एक रोगी बरा करायला खर्च कुठे जास्त येतो, सकाळच्या केंद्रात की संध्याकाळच्या? महाग ठरलं तर संध्याकाळचं बंद. दिवसपाळीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्यांना सकाळी येणं शक्यच नव्हतं. गोळ्या पुऱ्या झालेल्या रोग्यांची कार्डं मी मोजली. संध्याकाळचं स्वस्त निघालं.

"पोरी, कार्ड बरं झालं. मानूस बघितलास का?" असं म्हणून सर बाहेर बाकावर जाऊन बसले. गोळ्या घ्यायला आलेल्या एकाचं कार्ड हातात घेऊन म्हणाले, "क्यों रे, पिछले महीने तो मेरे कंधे तक था. इतना लंबा कैसे हुआ?"

"वो मेरा भाई था साब. गाँव गया. उसकी बदली मैं. लूम भी मैं चलाता हूँ, गोली भी मैं खाता हूँ."

मला हसू फुटलं. सर हसले नाहीत. "रोग हाय तो गोळीविना गावाला, आन् हा धडधाकट गोळ्या खातोय."

असे दुसऱ्याच्या जागी गोळ्या खाणारे बदली किती, कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांनी हिशोब दोनदा मांडला. शंकेची सगळी कार्डं बरी धरून केंद्र स्वस्त. एकही बरं न धरता महाग.

"सर, पहिलाच आकडा द्या ना. केंद्र वाचेल."

"आन् गावाकडं मेले त्यांना काय सांगू? कागदावर बरे झालात?"

दोन्ही आकडे गेले. वरच्यांना एकच हवा होता; त्यांनी महागाचा धरला. केंद्र बंद करायचं ठरलं. मी आठवडाभर सरांशी बोलले नाही.

केंद्राच्या शेवटच्या संध्याकाळी ते पायरीवर बसून बदली भावांकडून गावी गेलेल्या रोग्यांचे पत्ते घेत होते. शेजारी, गोळ्या सोडू नका असं कळवायला, कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा. चेहरा पार उतरलेला. मी अर्धी पोस्टकार्डं उचलली आणि लिहायला बसले.

सर त्याच वर्षी हृदयविकाराने गेले. उत्तर एकच आलं, तेही त्यांच्यानंतर. कुणाच्या तरी बायकोने लिहवून घेतलेलं: "बहुत खाँसते हैं. दवा यहाँ कहाँ मिलेगी?"

मी त्या दिवशी रजा टाकली आणि त्या रोग्याच्या जिल्ह्यातलं सरकारी केंद्र शोधायला बसले.