चिखल्यांचा हेवा

नव्वद साली भाताच्या आवणीच्या, म्हणजे रोपं लावायच्या दिवसांत मुरबाडच्या एसटीत कंडक्टरने “देशाच्या वीराला जागा द्या,” म्हणत मला उठवलं. स्वतःची सीट मात्र त्याने देशाला दिली नाही. सुट्टीवरचा तो जवान श्रीलंकेतल्या यादवीत दोन वर्षं काढून आला होता. मला त्याच्या मानाचा हेवा वाटला. तो मात्र शेजारच्या शेतकऱ्याच्या पायाच्या चिखल्या, चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत पडलेल्या त्या जखमा, हेव्याने पाहत होता.

“तिकडंपण भातच,” तो मला म्हणाला. “एकदा पहाऱ्यावर बंदूक बांधावर ठेवून आवणीला उतरलो. सुभेदारानं महिनाभर बटाटे सोलायला लावले.”

“मग आता घरची आवणी करा.”

“भाऊ नाय उतरू देत. म्हणतो, तू पावना, गुमान बस.”

टोकावड्याला त्याने खताची गोणी उतरवली. थांब्यावर उभ्या भावाने ती चिखलाच्या हातांनी ओढून डोक्यावर घेतली, आणि जवान रिकाम्या हातांनी त्याच्यामागून चालू लागला.