शिक्रा की घार

मे महिन्यात पोलादपूरला माहेरी गेले की बाबांचा आणि माझा एकच उद्योग. पडवीच्या पायरीवर बसायचं, पुढ्यात कोंबड्या पिल्लं घेऊन फिरताहेत, आणि वरून जाणारा पक्षी आधी कोण ओळखतं ते बघायचं. शेपटीला खाच दिसली की घार. भराभर पंख मारून मग तरंगला की शिक्रा. पंखांखाली पांढरा पट्टा असला की सर्पगरुड. हे शिकवलं बाबांनीच, आणि जिंकायचेही तेच. "मुंबईला राहून डोळे फुटले काय गो तुझे?" असं वर चिडवायचे.

तीन वर्षांपूर्वी भाऊ म्हणाला, बाबा उंबऱ्याला ठेचकाळतात, ताटातलं लोणचं चाचपडत शोधतात, महाडला डोळे दाखवून आणू. मी त्याच्यावरच उखडले. "अरे, एवढ्या उंचावरचा शिक्रा ओळखतो माणूस! त्यांच्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" माझ्या तोंडाला कोण लागणार? महाडला जाणं राहूनच गेलं.

गेल्या साली मानमोडीची साथ आली आणि आमच्या सगळ्या कोंबड्या मेल्या. यंदा अंगण सुनं होतं. सकाळी दहाच्या सुमारास डोंगराकडून एक मोठा पक्षी आला, आवाज न करता. रुंद पंख, लांब शेपटी. मोरघारच! "बाबा, सांगा!" मी ओरडले. ते बराच वेळ मान वर करून बसले. मग म्हणाले, "घार हाय." पक्षी केव्हाच घरामागच्या फणसाकडे गेला होता आणि बाबांचं तोंड अजून रस्त्याकडे.

मग एकेक कळत गेलं. कोंबडी नुसती कुरकुरली की घार, एकदम किंचाळून पिल्लांना हाकलायला लागली की शिक्रा. सर्पगरुड तर स्वतःच शीळ घालत येतो. किती उन्हाळे ते नुसत्या कानांवर खेळत होते, देव जाणे.

महाडच्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले. दोन-तीन वर्षं आधी आणलं असतं तर थोडीफार राखता आली असती. भावाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना रिक्षात मी बाबांवरच ओरडले, रडत रडत. "सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

त्यांनी चाचपडत माझा हात धरला. "वर्साचे आठ दिस येतेस," ते म्हणाले. "दिसत नाय म्हटलं असतं, तर खेळली असतीस काय गो?"