चौथी निळी रेघ

सोलापूरच्या घरात शिरण्याआधी सिद्रामप्पा लिंबानं हात चोळायचा, नखं हुंगायचा, मगच गळ्यातल्या लिंगाला हात लावायचा. लिंगायताच्या घरात मासळीचं नाव निघत नसे. रामेश्वरजवळच्या पांबनच्या समुद्रात आपण पोवळ्यांचा अभ्यास करतो, असं त्यानं आईला सांगितलं होतं. खरा अभ्यास होता पोवळ्यांच्या खडकातल्या पिवळ्या माशांचा. त्यांच्या अंगावर चार निळ्या रेघा. दिवसा ते थव्यानं खडकाला धरून राहत, अंधार पडला की चरायला पांगत. तेव्हा जाळं कुठं लावायचं, हे आंतोनी कोळ्यानं दाखवलं होतं. "घरी ये, अव्वाच्या हातची भाकरी खायला," असं सिद्रामप्पाच त्याला मोडक्या तमिळमध्ये म्हणाला होता.

१९३१च्या उन्हाळ्यात आंतोनी खरंच दारात उभा राहिला. हातातल्या बरणीत सिद्रामप्पाच्या चित्रासाठी आणलेला एक मासा.

"कोण हाय रं?" आतून आईनं, मल्लव्वानं विचारलं.

"पोवळं विकणारा हाय, अव्वा," सिद्रामप्पा दारातूनच म्हणाला.

"मग घे की एक अंगठीला. तुझा मंगळ लई कडक हाय."

आंतोनीला मराठी येत नव्हती, पण दारात आडवा धरलेला हात कळला. बरणी उंबऱ्यावर ठेवून तो स्टेशनाकडे परतला.

सिद्रामप्पानं माशाच्या तीन रेघा रंगवल्या. चौथी आंतोनीला घरात जेवू घातल्यावरच, असं ठरवलं. पावसाळ्यात आंतोनी तापानं गेला. चित्रात अजून तीनच रेघा आहेत.