खोळी चोरीले गेल्या, हव जी!

ती फिर्याद आजही आठवली की आधी हसू येतं, आणि मग माझी मलाच थोडी लाज वाटते.

मी साताऱ्याकडचा. नुकताच बदलून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, लाखांदूरला आलो होतो. दिवाळी सरली होती आणि गावोगावी मंडईच्या, म्हणजे तिकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकांची तयारी चालली होती. ठाण्यात सकाळची हजेरी संपते न संपते तोच सत्तरीतले एक कापड व्यापारी आले. टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "सायेब, माह्या खोळी चोरीले गेल्या."

"उशीच्या?"

"हव जी."

"दार उघडं होतं?"

"हव जी."

"कुलूप तर लावलं होतं ना?"

"हव जी."

'हव' म्हणजे 'हो', एवढं मला कळत होतं. मी वैतागलो. स्टेशन डायरीत सवालजबाबांसकट 'उशीच्या खोळी' अशी नोंद केली आणि म्हातारा खुळावलाय असं मनाशी ठरवून टाकलं.

पंचनाम्याला गेलो तर दुकानामागच्या खोलीत उशी एकच, तीही खोळीसकट शाबूत. कपाटात मात्र ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांची चळत होती. गेली होती ती त्यांची छापील कव्हरं; तीच या दादांच्या 'खोळी'. बाजारहाटाला जाईल तिथल्या भंगारातून चाळीस वर्षं हा माणूस चमत्कारिक चित्रांची कव्हरं शोधत होता. एकेक त्याला तोंडपाठ होतं: गॉगल लावून बिगुल वाजवणारा कोंबडा, टबात बसून पेटी वाजवणारा नवरदेव, भल्यामोठ्या वांग्यावर मांडी घातलेली गायिका. "तबकड्या गेल्या तरी चालते," ते डोळे पुसत म्हणाले, "माह्या खोळी आना, सायेब." पुसलेल्या डोळ्यांपुढे मला थट्टा सुचेना.

एक गोष्ट मात्र खटकत होती. प्रत्येक तबकडी वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवलेली होती. घाईतला चोर कपाट उपसतो. मागे राहिलेल्या मालाला धूळ लागू नये म्हणून तो झटत नाही. नेणारा घरोब्यातला होता.

चार दिवसांनी खबर दिली ती ठाण्यासमोरच्या चहावाल्याने. "सायेब, नाटकवाल्यायच्या गोदामात चहा देऊन आलो. पडद्यावर कोंबड्यानं गॉगल लावला जी!"

गोदामात नाटकाचा पडदा रंगवणारा पेंटर सापडला आणि त्याच्याजवळ ट्रंकेत सगळी कव्हरं. व्यापाऱ्यांचा हा लहानपणापासूनचा दोस्त. ठाण्यात आणलं तेव्हा बोटांवरचा रंगही वाळला नव्हता. तासभर उलटसुलट विचारलं, पण जबाब बदलला नाही.

"म्या विचारूनच नेल्या. दादा गिऱ्हाइकात होते, म्हनून मागच्या खोलीतून म्याच काढल्या. म्हटलं, दादा, पडद्यासाठी खोळी नेऊ का, मंडई झाली का आनून देतो."

"मग ते काय म्हणाले?"

"हव जी, म्हणाले."

माझी पेन्सिल थांबली. डायरी काढून माझेच प्रश्न पुन्हा वाचले. दार उघडंही होतं आणि कुलूपही होतं!

व्यापाऱ्यांना बोलावून खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन मोठ्याने म्हणालो, "दादा, दुकानाला आग लागलीये!" ते हलले नाहीत. समोर जाऊन नुसतेच ओठ हलवले. ते हसून म्हणाले, "हव जी."

पेंटर उठून दादांच्या शेजारी येऊन बसला.

मी कागदावर लिहिलं, 'कधीपासून?' त्यांनी वाचून कागदाची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाले, "तीन वर्सं झाले. बहिरा समजलं का लोक बोलनंच बंद करतेत, सायेब. म्हनून मी हव म्हनत राहतो. गाने तं आता आयकू येत नाही. खोळ हाती घेतली का तेवढं गानं आठवते."

चोरी झालीच नव्हती. पुरवणी जबाबात मी 'गैरसमजातून' एवढंच लिहिलं. कानांचा उल्लेख केला नाही. कायद्याला त्याची गरज नव्हती.

त्या फिर्यादीने मला एक शिकवलं. नुसतं 'हो' म्हणून सुटता येईल असा प्रश्न मी पुढे कुणाला विचारला नाही. 'दार उघडं होतं का' असं न विचारता 'दार कसं होतं' असं विचारायचं. पुढे कितीतरी गुन्हे एवढ्यावरच उकलले, आणि साहेबलोक शाबासकी मला देत राहिले.

आठवड्याने शाळेच्या मैदानात पडदा उन्हात वाळत टाकला होता. मी बंदोबस्ताची जागा बघायला गेलो होतो. माणसाच्या उंचीचा तो कोंबडा झोकात बिगुल वाजवत होता आणि व्यापारी त्याच्यापुढे उभे होते. डोळे चित्रावर, हात मांडीवर ठेका धरत. पेंटरने रंगाचा ब्रश उचलला आणि शेजारच्या फळीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'दादा, आयकू आलं का?'

त्यांनी ते वाचलं. ठेका न चुकवता म्हणाले, "हव जी."

त्या 'हव'ची उलटतपासणी मी केली नाही.