सईचा डबा आणि सावंतांची पैज

तीस वर्षं दुबईत बातमीदारी करतोय. जे छापलं ते लोक दुसऱ्या दिवशी विसरले. जे छापता आलं नाही, ते मात्र आमच्या करामा वस्तीतल्या चहाच्या टेबलावर दर आठवड्याला वाढतच चाललंय. गेल्या वर्षभरात या साठ्यात सगळ्यात मोठी भर घातली ती सईने!

सई म्हणजे माझा मित्र आणि शेजारी प्रकाश सावंत याची मुलगी. वय पंचवीस. काम, ड्रोनने बांधकामाच्या साईटचा सर्व्हे करायचा. पत्ता, चाकांवर! "काका, दर तीन महिन्यांनी माझी साईट बदलते. व्हाय शुड आय पे अ इयर्स रेंट?" असं म्हणून तिने सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. जीपच्या मागे जोडायचा आणि निघायचं. आत पलंग, ओटा, संडास, एसी. शहराबाहेर अबू खालिद नावाच्या अमिराती गृहस्थांचा खजुराचा मळा आहे. त्यांनी जागा दिली, वीज दिली.

सावंतने ट्रेलर बघितला आणि एकच शब्द उच्चारला, "डबा!"

मग अट घातली. "मे ते सप्टेंबर, ऐन उन्हाळा. एक रात्र जरी करामाला घरी झोपायला आलीस, तर हा डबा विकायचा."

"अँड इफ आय डोन्ट?"

"मग मी जन्मभर गप्प बसेन."

"डील, बाबा!"

दुसऱ्याच दिवशी सावंत देऱ्याच्या बाजारात गेला आणि पिवळ्या प्लायवुडवर लाल अक्षरांत 'फॉर सेल' रंगवून घेऊन आला. खाली स्वतःचा मोबाइल नंबर. बोर्ड गाडीच्या डिकीत ठेवला. मी खवळलो. "अरे, पोरीची सुरुवात नाही आणि तू तिरडी बांधून मोकळा?"

"तयारी असावी," म्हणाला.

*

सावंतवहिनींचं म्हणणं, डबा असो की बंगला, वास्तुशांत झाल्याशिवाय मुलगी आत झोपणार नाही. गुरुजी आले. खिशातून मोबाइल काढून त्यांनी होकायंत्र उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. "दार दक्षिणेला आहे हो!"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी. अबू खालिद कौतुकाने पूजा बघायला आले होते. त्यांनी हिंदीत विचारलं, "क्या मुश्किल?" सईने सांगितलं. "किधर मांगता?" पूर्वेला, म्हटलं. त्यांनी आपली लँडक्रूझर मागे घेतली, ट्रेलर जोडला, वाळूत एक झोकदार वळण घेतलं आणि सोडला. "यल्ला, खलास!"

गुरुजींच्या हातातली पळी तशीच राहिली होती. "चाळीस वर्षं वास्तुशांती करतोय," ते म्हणाले, "दोष निघाला म्हणून यजमानाने घरच फिरवलं, असं पहिल्यांदा बघतोय!"

*

सावंतने बावीस वर्षं रुवैसच्या रिफायनरीत सेफ्टीत काढली. तिथे परमिटशिवाय काडी ओढता येत नाही. तो माणूस रिटायर झाला, परमिट काही रिटायर झालं नाही.

पहिल्या रविवारी सईने डाळीला फोडणी द्यायला गॅस पेटवला, तोच सावंत ओरडला, "थांब! बंद जागेत उघडी ज्योत म्हणजे हॉट वर्क. परमिट कुठाय?"

सईला वाटलं चेष्टा आहे. त्याने खरंच क्लिपबोर्ड काढला! कामाचं स्वरूप, डाळीची फोडणी. संभाव्य धोका, तेल. फायर वॉचर, आई. वहिनी ओला टॉवेल घेऊन दारात उभ्या. मी साक्षीदार म्हणून सही केली. भूक लागली होती, दुसरं काय करणार!

सईने शांतपणे विचारलं, "व्हॅलिडिटी किती, बाबा?"

सावंतने घड्याळ बघितलं, कढईत बघितलं आणि लिहिलं, 'मोहरी तडतडेपर्यंत.'

तो क्लिपबोर्ड तेव्हापासून ट्रेलरच्या दाराला टांगलेला आहे.

*

आमच्या पेपरात मी सईवर लिहायचं ठरवलं. डेस्कवरच्या एका उत्साही पोराने फर्मान काढलं, "सर, फोटोत फेअरी लाइट्स हवेत. हातात कॉफीचा मग, बॅकग्राउंडला सनसेट." मी म्हटलं, अरे गाढवा, ती तिथे राहते, पिकनिकला गेलेली नाही! पण फोटोग्राफर मग घेऊन पोचलाच.

सई तेव्हा हातात रबरी मोजे घालून संडासाची टाकी काढत होती.

"मॅडम, जरा कुछ कँडिड दीजिए ना," तो म्हणाला.

सईने टाकी त्याच्या हातात दिली. "पकडो. इससे कँडिड कुछ नहीं है!"

बातमी बिनफोटोची छापून आली.

*

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एक बाई वहिनींना गाठून म्हणाल्या, "आमच्या भाच्यासाठी बघतोय. पण मुलगी म्हणे उघड्यावर राहते? मुलीचं स्वतःचं काही घरबिर?"

वहिनींनी मान खाली घातली. मला राहवेना. मी या शहरात आलो तेव्हा देऱ्याच्या एका खोलीत आठ जण झोपायचो. माझ्या वाट्याला बंकवरची वरची फळी. तिला सगळे 'घर' म्हणायचे आणि सईच्या चार भिंतींना 'उघड्यावर'? तोंड उघडणार, इतक्यात मागून सावंतचाच आवाज आला.

"आहे ना घर! भाच्याचा पत्ता द्या. उद्या दारात आणून उभं करतो!"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो घाईघाईने म्हणाला, "सप्टेंबरपर्यंत आहे. पुढचं माहीत नाही."

*

जुलैतल्या एका दुपारी सईच्या ट्रेलरचा एसी बंद पडला. फोन मला केला, बापाला नाही. जीपचा एसी लावून आत बसली होती. "काका, संध्याकाळपर्यंत नाही झाला तर आय हॅव टु गो टु करामा." आवाज रडवेला.

मी तडक सावंतच्या दारात. "पोरगी भाजतेय! काढ तुझा बोर्ड, जिंकलास!"

त्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि गाडीत बसला. तासाभरात आम्ही मळ्यावर पोचलो. घामाने निथळत त्याने पॅनल उघडलं आणि जळका कपॅसिटर काढून पिशवीतला नवा बसवला. एसी घरघरला, गार हवा आली. सई त्याच्याकडे बघत होती.

"बाबा, यू कुड हॅव वन."

"पैज पैजेच्या जागी," सावंत हात पुसत म्हणाला, "कपॅसिटर कपॅसिटरच्या जागी!"

*

आणि ऑगस्ट. आमच्या करामाच्या इमारतीचा एसी बंद पडला. तिन्ही मजले. नवा कंप्रेसर दोन-तीन दिवसांनी येणार, इन्शाल्ला! मी मानापमान न बघता दुपारीच टॅक्सी करून सईकडे गेलो. ट्रेलरमध्ये गारेगार बसून कलिंगड खात होतो, तेवढ्यात सावंतची गाडी आली.

आधी वहिनी उतरल्या, हातात डबे. मग सावंत. काखेत उशी.

सई दारात उभी राहिली. "येस, बाबा?"

"टायरची हवा तपासायला आलो."

सईने दाराला टांगलेला क्लिपबोर्ड काढून त्याच्यापुढे धरला. सावंतने उशी सावरत लिहिलं. कामाचं स्वरूप, हवा तपासणी. माणसं, दोन. 'व्हॅलिडिटी'पाशी पेन अडलं. त्याने वहिनींकडे बघितलं. मग लिहिलं, 'कंप्रेसर येईपर्यंत.'

आत आला, पलंगावर बसला. पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन थेट तोंडावर. दोन मिनिटं डोळे मिचकावले, मग उठला, गाडीची डिकी उघडली आणि तो पिवळा बोर्ड काढला. सईचा चेहरा पांढरा पडला. मी कलिंगड खाली ठेवलं.

सावंतने बोर्ड आत आणला, खिडकीत उभा करून दाबून बसवला. खोलीत छान सावली झाली.

"बघ," तो म्हणाला, "अगदी मापाचा निघाला!"