बदलापूरचे उलटे अडथळे

संगमनेरहून पहाटेच्या एसटीने निघाले तेव्हा पिशवीत ‘मुलींना मैदान द्या’ ही आपल्या मंडळाची पत्रकं होती आणि डोक्यात दर्शनावर लिहायचा लेख. दर्शना बदलापुरातल्या मांजर्लीची. आधी आठशे मीटर पळायची, आता चारशे मीटर अडथळे. कल्याणहून रिक्षाने उल्हासनगरला पोचले, तर ही स्कूटी घेऊन उभीच.

“आठशे का सोडलंस?”

“कोपरं मारतात यार त्यात. इथे निदान आपली लेन आपली.”

कोपऱ्यावरच्या हातगाडीवर दाल पकवान (कडक तळलेली पुरी, सोबत घट्ट चणाडाळ) घेतलं. गाडीवाले सिंधी काका तिला ओळखत होते. “दौड है ना आज? खा ले बेटा, हल्का है.”

“काका, हे हलकं? हे खाऊन अडथळ्याखालून जावं लागेल मला!”

हसली, पण अर्धंच खाल्लं.

अंबरनाथ पूर्वेच्या इमारती मागे पडल्या आणि आनंदनगरच्या कारखान्यांचा वास नाकात शिरला. एका गेटसमोर तिने स्कूटी हळू केली. इथे ती पॅकिंगला, दिवसभर उभ्याने. सुपरवायझरने सुट्टी देताना सांगितलंय, धावण्यासाठी ही शेवटची. आज पहिल्या दोघींत आली तर राज्य स्पर्धेच्या संघात.

“नाही आलीस तर?”

“तर पॅकिंग. त्याला पाय शाबूत लागतात. बापूस (वडील) घरीच असतो आता.”

बदलापूरच्या मैदानावर शेवटच्या रेषेपलीकडे मैदानापेक्षाही मोठं स्टेज. प्रत्येक अडथळ्याच्या फळीवर, एकाच बाजूला, स्पर्धा भरवणाऱ्या भाऊंचं नाव. दर्शना शेवटच्या सरळ पट्ट्यात गेली आणि थबकली. तिथले अडथळे उलटे होते. अडथळ्याचे पाय धावणारीच्या बाजूला हवेत, म्हणजे धक्का लागला की तो पुढे कोसळतो. उलटा ठेवला तर तो उभा राहतो, पोरगी कोसळते.

“दादा, हे फिरवा,” ती टोपीवाल्या कार्यकर्त्याला म्हणाली.

“अगं ताई, मग भाऊंचं नाव स्टेजवरून दिसणार कसं?”

“नाव दिसायला तिचे गुडघे फोडणार का?” मी.

“तुम्ही कोण? प्रेसवाल्या?” आमचा आवाज चढला, लोक जमले, तेव्हा कुठे त्याने तोंड वाकडं करत अडथळे सरळ केले.

मुली स्टार्टला वाकल्या. नेमके तेव्हाच भाऊ स्टेजवर चढले. फोटोवाला ओरडला, आणि दोघा कार्यकर्त्यांनी पळत जाऊन शेवटच्या पट्ट्यातले सगळे अडथळे पुन्हा फिरवले. मी हात हलवत धावले. बंदूक वाजली.

शेवटच्या वळणापर्यंत दर्शना सगळ्यांच्या पुढे होती. मग तिला ते दिसलं. तिची पावलं अडखळली. भिंत ओलांडावी तशी तिने उंच उडी घेतली, पुढच्या अडथळ्यावरही तशीच. शाळकरी वयाच्या तिघी वाऱ्यासारख्या तिच्या बाजूने निघून गेल्या. ती चौथी.

कार्यकर्ता माझ्याजवळ आला. “बघा, पडलं का कोणी? उगाच राडा!”

पंचांकडे गेले. ते म्हणाले, “भाऊंना जाऊ द्या, मग बघू.” भाऊ गेले. पंचही गेले.

तिने मला स्कूटीवरून कल्याणला आणून सोडलं. स्टँडवर मला राहवलं नाही. “त्या तिघी कशा बिनधास्त गेल्या गं?”

“त्यांना माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मला माहीत होतं.” हेल्मेट घातलं. “चल, सोमवारी फर्स्ट शिफ्टला जायचंय.”

एसटीत मी पत्रकं काढून वाचली. मुलींना मैदान द्या म्हणे! दिलं होतं की मैदान. तालुका स्पर्धेतल्या अडथळ्यांच्या फळ्यांवर देणगीदारांची नावं घालायचं आपल्याकडेही मंडळाच्या बैठकीत ठरतंय, आणि देणगीदार आपलेच काका-मामा आहेत. त्या बैठकीला मी येणार आहे. खुर्ची ठेवा, नका ठेवू.