सैपाकघरातली सांडशी

"या मावशीला चटका बसतच न्हाई. बघा आता," सर पाव्हण्यांना म्हणले.

अंबडहून पाव्हणे आल्ते, आमच्या महारोग्यांच्या वस्तीत फळं वाटायला. सगळे सैपाकघरात उभे. वस्ती सांभाळणाऱ्या सरांनी मला मानेनं खुणावलं. मी उकळत्या वरणाचं भगुलं चुलीवरून नुसत्या दोन्ही तळव्यांत दाबून उचललं अन् खाली ठेवलं. पाव्हण्या बायकांनी तोंडाला पदर लावला. एकानं टाळी वाजवली. मी हसले. खोटं कशाला बोलू, मला मान वाटला.

रोग झाला तवा नवऱ्यानं शहागडच्या फाट्यावर आणून सोडलं व्हतं. वस्तीत आले, गोळ्या खाल्ल्या, रोग गेला. हातातली जाण मात्र आली न्हाई. तवापासून सैपाकघरातली सांडशी मीच. लोखंडाची कुणी आणलीच न्हाई. म्हातारीला हाक मारली की झालं काम. आपला कुणाला तरी उपेग हाये, एवढ्यावर मी फुगून राह्यले. हुरळली मेंढी लागली लांडग्यामागं, तशी गत.

पाव्हणे गेल्यावर पट्टी करणाऱ्या रेहानानं माझा हात बघितला. तिनं पुसलं तशी तळव्याची कातडी फडक्यासंगं निघून आली.

"मावशी, हे कवापासून करून राह्यल्या?"

"पहिल्यापासून. बोटं तर रोगानं जाणारच व्हती."

ती चिडली. "रोग बोटं खात न्हाई, मावशी. तुमचा रोग तर कवाच गेला. चटके बसले, जखमा चिघळल्या, म्हून बोटं गेली. या चुलीनं खाल्ली."

मी हात पुढं धरले. डावा पार थोटा. उजव्याला आंगठा अन् एक बोट. याच दोघांनी मी भाकर मोडते, लुगडं खोचते. हे बी गेलं तर घास दुसऱ्यानं भरवायचा. आठ बोटं मी टाळीसाठी दिली. रडू न्हाई आलं. लई राग आला, सरांचा अन् माझा सोताचा बी.

पुढच्या ऐतवारी पुन्हा पाव्हणे. पुन्हा, "मावशी, दाखवा."

मी हात पदराखाली घेतले. "न्हाई उचलणार. सांडशी आणा."

"म्हातारी रुसली," सर पाव्हण्यांकडं बघून हसले. मंग माझ्या कानापाशी वाकले. "इथं राहायचं असंल तर ऐकावं लागंल."

अन् माझ्या शेजारी बसलेल्या, वस्तीतल्याच काशीकडं वळले. काशीच्या हाताला बी जाण न्हाई, पण तिची सात बोटं शाबूत हायेत. बिचारी उठली सुद्धा. मी थोट्या हातानं तिचं मनगट दाबलं अन् खाली बसवलं.

वरण करपलं. धूर झाला. सर भगुल्याकडं बघत राह्यले, पण त्यांचा हात काही पुढं गेला न्हाई.

काढायचं तर काढा मला. शहागडचा फाटा मला ठाऊक हाये, एकदा बसलेय तिथं. तवर मी रोज सैपाकाच्या टायमाला चुलीपाशी येऊन बसणार, काशीला शेजारी घेऊन. ज्याला वाटतं आम्हाला चटका बसत न्हाई, त्यानं भगुल्याला आधी सोताचा हात लावावा.